वरच्या मजल्यावर नेट येत नाही

माझ्या एका जुन्या वहीत एकच वाक्य एकोणीस वेळा लिहिलेलं आहे: ‘वर नेट नाही.’ शेजारी तारीख, वेळ, केलेला उपाय, परिणाम आणि जबाबदार कोण, असे रकाने. परिणामाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी आडवी रेघ आहे. जबाबदारच्या रकान्यात कधी ‘बाबा’, कधी ‘टेलिफोनवाले’.

मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. प्रत्येक वस्तूला जागा, जागेला चिठ्ठी, नाजूक वस्तू कुलपात. घरीही माझी हीच पद्धत. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, द्वारका चौकाच्या पुढे, दोन मजल्यांचं. खाली नवरा, सासरे आणि मी, वर दीर आणि धाकटी जाऊ. दीर फिरतीच्या नोकरीवर, म्हणजे वर बहुतेक दिवस जाऊ एकटीच.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. तेव्हा एका दुकानदाराने मोबाईलच्या प्रीपेड कार्डासारखी कॉम्प्युटरची योजना आणली होती. सुरुवातीला थोडे पैसे भरून मशीन घरी न्यायचं, मग कार्ड घासून त्यावरचा नंबर टाकला की तास जमा व्हायचे. पडद्याच्या कोपऱ्यात शिल्लक वेळ दिसायचा. तुम्ही टाइप करा नाहीतर नुसते बघत बसा, वेळ सरकायचाच. संपला की पडदा करडा, आणि मधोमध नवीन नंबर टाकायची एक चौकट. जावेने ते मशीन हट्टाने घेतलं. मी म्हटलं होतं, माझा कॉम्प्युटर खाली आहे, ये आणि बस. ती म्हणाली, “ताई, तुम्ही मागे उभ्या राहता. माझी बोटं चुकतात.”

मी मागे उभी राहायचे, हे खरं. ती एका बोटाने टाइप करायची आणि प्रत्येक अक्षर शोधायची. बघवत नसे.

तिला भरतीचा अर्ज भरायचा होता. सरकारी क्लार्कची जागा, अर्ज फक्त ऑनलाइन, आणि वयाच्या अटीप्रमाणे तिचं हे शेवटचं वर्ष. लग्नाआधी एकदा अर्ज भरला तेव्हा परीक्षेच्या दिवशीच पाहुणे बघायला आले होते. त्याबद्दल ती फार बोलायची नाही, पण अर्जाची जाहिरात तिने गॅसच्या वर, मसाल्यांच्या बरण्यांना टेकवून ठेवली होती.

इंटरनेटची लाइन माझ्याकडे. वर वायर न्यायची तर भिंत फोडावी लागणार, म्हणून मी वायरलेस राउटर आणला आणि तो टीव्हीच्या टेबलावर ठेवला. तिथून बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, प्रश्न सुरू झाला. ते मनमाडला रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होते. राउटरचे दिवे लुकलुकताना दिसले की ते बटण बंद करायचे. विचारलं तर म्हणायचे, माझ्या नोकरीत दिवा एक तर लागायचा, नाही तर विझायचा. लुकलुकला की बिघाड समजून माणूस पाठवायचा.

मी समजावलं. बटणावर चिठ्ठी लावली. चिकटपट्टी लावली. ती त्यांनी व्यवस्थित काढून, घडी करून, मला परत दिली.

मग मी राउटर कुलपात टाकला. माझ्या आईने लग्नात दिलेलं लोखंडी कपाट आहे. त्याच्या पाठीला भोक पाडून घेतलं, वायरी आत घेतल्या, राउटर मधल्या कप्प्यात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली जुडग्यात घातली. माझ्या कॉम्प्युटरला वायर त्याच भोकातून आली होती, त्यामुळे माझं नेट झकास चालायचं. बटणाचा प्रश्न मिटला, असं मी वहीत लिहिलंही.

वर मात्र नेट येईना. जाऊ जिन्यावरून विचारायची, “ताई, बाबांनी बंद केलं का?” मी सांगायचे की ते आता शक्यच नाही. मग मी टेलिफोनवाल्यांना फोन करायचे. ते म्हणायचे, लाइन चांगली आहे. मी म्हणायचे, वर येत नाही. ते म्हणायचे, खाली येतं ना? असं एकदा नाही, सहा वेळा. शेवटी मी कागदावर चार सूचना लिहून वरच्या भिंतीला चिकटवल्या. एक, मशीन बंद करून पुन्हा चालू करणे. दोन, पासवर्डची लहान-मोठी अक्षरं तपासणे. तीन, मशीन जिन्याच्या बाजूला सरकवणे. चार, संयम ठेवणे. प्रत्येक सूचना पाळताना तिचे तास उडत होते. पान अर्धं उघडायचं, अडकायचं, कोपऱ्यातला वेळ कमी व्हायचा.

एक गोष्ट मी नोंदवली होती: रविवारी सकाळी वर नेट उत्तम येतं. त्यावरून मी निष्कर्ष काढला की रविवारी ऑफिसं बंद, म्हणून लाइनवर गर्दी कमी. रविवारी सकाळी मी कपाट उघडून आवरायला बसते, ही नोंद त्या वहीत नव्हती.

बाबा अधूनमधून म्हणायचे, “सूनबाई, ते कपाटातून बाहेर काढ.” मी म्हणायचे, बघते. कशासाठी काढायला सांगतात, हे मला माहीत आहे असं मी धरून चालले होते.

अर्जाचा शेवटचा दिवस आला. चार दिवसांपूर्वी व्होल्टेज वाढून माझा कॉम्प्युटर जळाला होता आणि दुरुस्तीला गेला होता. राउटर तेवढा वाचला होता. नाक्यावरच्या सायबर कॅफेत याच अर्जासाठी रांग लागलेली. मुदत संध्याकाळी पाचची. दुपारी तीनला जावेचा कारखान्यात फोन आला. अर्ज अर्धा भरून जतन केला होता, पण पुढचं पान उघडत नव्हतं. मशीनमध्ये सव्वीस मिनिटं उरली होती, आणि कार्डाच्या दुकानाची नेमकी आज सुटी. मी तिला आधी मशीन बंद करायला लावलं. मग सूचना क्रमांक एकपासून विचारायला सुरुवात केली. तिने फोन बाबांकडे दिला.

“सूनबाई, तू त्याला कोंडून ठेवलंयस,” बाबा म्हणाले. “आमच्या क्वार्टरमध्ये लोखंडी पेटीत ट्रान्झिस्टर टाकला की नुसता खरखरायचा. झाकण उघडलं की बातम्या. महिनाभर तेच सांगतोय.”

“तुम्हाला ते बंद करायचं असतं, बाबा.”

“आधी करायचं होतं. आता पोरीला अर्ज भरायचाय. किल्ली आण, नाही तर कुलूप तोडतो.”

कपाटात दागिने, घराचे कागद, आणि त्यातून कपाट आईने दिलेलं. मी अर्धी रजा टाकली आणि स्कूटर काढली. रस्ताभर बाबांवर चिडत होते. महिनाभर सांगतोय म्हणे. ट्रान्झिस्टरचं सांगितलं असतं तर? सीबीएसच्या बसस्थानकापर्यंत पोहोचेस्तोवर ध्यानात आलं की त्यांनी तोंड उघडलं की मीच पुढचं वाक्य बोलून टाकायचे. द्वारकेवर ट्रकमागे ट्रक अडकले होते, आणि एका रिक्षाने चौकातच तोंड फिरवलं होतं. कार्डाच्या दुकानाचं शटर खाली होतं. घरी पोहोचले तेव्हा साडेचार होऊन गेले होते.

कपाट उघडलं. वरून जावेचा आवाज आला, “ताई, आलं.”

वायरी भोकातून आत आलेल्या, लांबी जेमतेम, त्यामुळे राउटर पटकन बाहेर काढता येईना. त्यात त्या कपाटाचं दार आपोआप मिटतं. बाबा खुर्ची घेऊन आले, समोर बसले आणि पायाने दार अडवून धरलं. लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे बघत बसले. “लुकलुकू दे,” म्हणाले.

मी जिना चढले आणि वरून तिसऱ्या पायरीवर थांबले. तिथून तिची पाठ दिसत होती, पडदा दिसत नव्हता. एक एक कळ दाबल्याचा आवाज येत होता, मधे बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. माझ्या तोंडात तीन सूचना तयार होत्या. मी कठडा धरून उभी राहिले. पाचला सात मिनिटं असताना ती म्हणाली, “गेला.” आणि लगेच, “अरे, पडदाही गेला.”

आता मात्र मला राहवलं नाही. “अर्ज क्रमांक लिहून घेतलास का?”

तिने भिंतीकडे बोट दाखवलं. माझ्या सूचनांच्या कागदावर, ‘संयम ठेवणे’ याच्यावरून, मोठ्या अक्षरांत तिने क्रमांक खरडला होता. मी तो वहीत उतरवून घेतला. शेवटचा आकडा इंग्रजी एक होता की सात, ते कळेना. तिला विचारलं, तर तिलाही कळेना.

दोन्ही आकडे टाकून बघायला दुसऱ्या दिवशी नवीन कार्ड आणावं लागलं. सात होता.

पुढे तिचं नाव प्रतीक्षा यादीत आलं, आणि वर्षभराने पेठ तालुक्यातल्या एका कार्यालयात रुजू व्हायला तिला बोलावणं आलं. राउटर आता टीव्हीच्या टेबलावर असतो. बाबा त्याला हात लावत नाहीत, पण मी त्याच्यावर रुमाल टाकला तर उठून काढतात. वहीतल्या एकोणिसाव्या नोंदीपुढे जबाबदारचा रकाना त्या संध्याकाळी मी कोरा ठेवला होता. नंतर कधी तरी जावेने तिथे पेन्सिलीने ‘ताई’ लिहिलं. मी खोडलं नाही, पण तिने तारीख घातलेली नाही.