घोडीच्या गर्भाशयाला टिकली

मी जनावरांची डॉक्टर. रायपूरमध्ये बरीच वर्षं घोड्यांचं काम करते आहे, आणि माझा सगळ्यात मोठा दोष म्हणजे मला धीर नाही. काही दिसलं की बोलून मोकळी. आई म्हणते, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. या स्वभावापायी मी शहराला लागून असलेल्या बीरगावात एकदा सपशेल तोंडघशी पडले, आणि त्याचा मला आज मनापासून आनंद आहे.

बीरगावात एका मावशीकडे वरातीची पांढरी घोडी आहे. मावशी मूळची भंडाऱ्याकडची. नवरा कारखान्यात होता, हौसेने त्याने ही घोडी घेतली आणि सुट्टीच्या दिवशी तो स्वतः लगाम धरून वरातीत चालायचा. तो गेला तेव्हा घोडी बारा वर्षांची होती. आता घोडीचं वय होत चाललं, तर मावशीला तिचं एक शिंगरू हवं होतं. "त्यायची घोडी माह्या दारात हाय म्हणून घर भरल्यासारखं वाटते मले. तिच्यामागं दार रिकामं नाही पाहिजे," असं ती म्हणायची. तिचा मुलगा भनपुरीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. त्याला घोडीचा कंटाळा आला होता.

घोडी फळवल्यानंतर पंधराव्या दिवशी मी सोनोग्राफीचं छोटं मशीन घेऊन गेले. घोडीची सोनोग्राफी म्हणजे खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा हातमोजा चढवायचा, प्रोब मुठीत धरायचा आणि तो हात शेपटीखालून आत घालायचा. हात आत आणि डोळे पडद्यावर. पडद्यावर बोराएवढा काळाभोर गोल दिसला. पंधरा दिवसांचा गर्भ असाच दिसतो. मी हात बाहेर काढायच्या आतच ओरडले, "मावशी, गाभण आहे!"

मावशीने घोडीवरून आणि माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मी वर आणखी शहाणपणा शिकवला: आता बँड नको, फटाके नकोत. अक्ती, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली होती. अक्तीला आमच्याकडे गल्लोगल्ली मांडव असतात आणि घोडीवाल्यांना जेवायला फुरसत नसते. मावशीने सगळ्या वराती नाकारल्या आणि पाराभर, म्हणजे सगळ्या मोहल्ल्यात, पेढे वाटले.

अठ्ठाविसाव्या दिवशी परत तपासलं. गोल तिथेच, तेवढाच. आत काही धडधडत नव्हतं. ती गर्भाशयातली पाण्याची गाठ होती. वय झालेल्या घोड्यांत अशा गाठी असतात, त्या त्रासही देत नाहीत, फक्त माझ्यासारख्या उतावळ्या डॉक्टरला फसवतात.

"काहून हो बाई," मावशी हळूच म्हणाली, "पेढे परत मांगू का लोकायले?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चहा केला, साखर जास्त घातली. मुलगा दारात उभा होता. "दीदी, अगले साल एक बार और देख लो. तब भी नहीं हुआ तो घोड़ी गाँव भेज देंगे. अम्मा से अब नहीं होता." त्याचं चूक नव्हतं, म्हणून मला जास्तच लागलं.

घरी आले ती स्वतःवर चिडूनच. सोनोग्राफीच्या चपट्या चित्राची भानगड अशी की गोल दिसतो, पण तो नेमका कुठल्या कोपऱ्यात आहे ते ध्यानात राहत नाही. घर तेच, पण आपण कुठल्या खोलीत उभे आहोत ते कळू नये, तसं. मग मी ठरवलं, या गर्भाशयाचा पूर्ण आकारच उभा करायचा. प्रोब एका संथ वेगाने सरकवत शेकडो चित्रं घ्यायची आणि कॉम्प्युटरमध्ये ती एकापुढे एक रचायची. घोडी शेपूट मारायची, माझा हात भरून यायचा, चित्रं तुटक यायची. पावसाळा यात गेला. दिवाळीच्या सुमारास एका दुपारी पडद्यावर ते अख्खं फिरायला लागलं: उलट्या धरलेल्या पायजम्यासारखं, वर दोन शिंगं, म्हणजे गर्भाशयाचे दोन फाटे, पसरलेली, आणि डाव्या शिंगाच्या मुळाशी तो आपला बोराएवढा बदमाश. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं हाताने चाचपडलेली वस्तू मी पहिल्यांदा सगळ्या बाजूंनी पाहत होते!

त्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतलं. बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या घरी आईने ते फ्रिजवर फुलदाणीशेजारी मांडलं. दोन दिवस पाहुण्यांना "पोरीनं बनवलं" म्हणून दाखवलं आणि काय आहे ते कळल्यावर त्यावर रुमाल टाकला.

मी ते मावशीकडे नेलं. तिने ते मांडीवर घेऊन किती वेळ फिरवून फिरवून पाहिलं. "एवढीशी जागा हाय होय! यात शिंगरू मावते?" गाठ कुठे आहे ते दाखवलं, तर तिने नवऱ्यामागेही न सोडलेली आपल्या कपाळावरची लाल टिकली काढून नेमकी तिथे चिकटवली. "आता हा चोर लपून दाखवो."

पुढच्या मार्चमध्ये घोडी पुन्हा फळवली. चौदाव्या दिवशी मी हात घातला. मावशी घोडीच्या तोंडाशी, मॉडेल छातीशी धरून. पडद्यावर गोल आला.

"टिकलीच्या जागी हाय का?"

"हव."

तिचा चेहरा पडला. मी प्रोब उजवीकडे सरकवला. तिथे आणखी एक गोल. जीभ दातांखाली धरली आणि हात बाहेर काढला. आयुष्यात पहिल्यांदा मी एक तास गप्प बसले. या दिवसांत गर्भ गर्भाशयात इकडून तिकडे फिरत असतो, गाठ मात्र जागची हलत नाही. तासाभराने पाहिलं तर टिकलीवाला गोल जागेवर, आणि दुसरा उजवं शिंग सोडून चक्क मध्यावर आलेला!

"मावशी, हे फिरून राहिलं! हे जिवंत आहे!" मी इतकी ओरडले की घोडीने मला भिंतीशी दाबलं.

मावशीने या वेळी बोटं मोडली नाहीत. "धडधड दिसू द्या. मंगच मी हसीन."

सव्विसावा दिवस रविवार होता. उन्हात पडदा दिसत नव्हता म्हणून मुलाला त्यावर चादर धरायला उभं केलं. तो तोंड वाकडं करून उभा राहिला. मी गर्भ शोधला, हात स्थिर केला. मी काही बोलायच्या आत तोच चादरीखाली वाकला.

"दीदी, ये क्या टिमटिमा रहा है?"

"त्याचं काळीज."

मावशी रडत रडत हसायला लागली. माझेही डोळे वाहत होते आणि पुसायला मोकळा हात नव्हता, एक आत आणि दुसऱ्यात मशीन. तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. अक्तीच्या वरातीसाठी कोणी घोडी मागत होतं. त्याने एका हाताने चादर तशीच धरून ठेवली, पडद्यावरची नजर काढली नाही.

"नहीं भैया," तो म्हणाला, "इस साल हमारी घोड़ी नहीं जाएगी. घर में खुशखबरी है."