लिव्हर कोणी पाडला?

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहाचा कप घेऊन बाहेर जाऊन बसतो. आजही. तरी हे लिहितोय, कारण हे माझ्याच बाबतीत घडलंय...

साठच्या दशकातली गोष्ट. मुरबे गावच्या शिडाच्या होड्यांवर तेव्हा नुकती डिझेल इंजिनं चढायला लागली होती आणि मी पालघरहून सायकलने जाऊन ती दुरुस्त करायचो. हिरामामा तांडेलांच्या बोटीचं दोन सिलिंडरचं जुनं इंजिन मी खोलून पुन्हा बसवलं होतं. ट्रायलच तर आहे म्हणून शीड किनाऱ्यावर ठेवून आम्ही दोघंच निघालो. भर दुपार, आभाळ स्वच्छ.

दांडीच्या किनाऱ्यासमोर इंजिन खोकलं आणि बंद पडलं. वारा समुद्राकडून... बोट सरळ खडकांकडे निघाली. नांगर टाकला, तो तळाला धरेना.

डिझेलच्या पाइपात हवा शिरली होती. ती काढली, नट आवळले. पण हे इंजिन सुरू करायला माणसं लागायची दोन. दोन्ही सिलिंडरांवरचे लिव्हर उभे केले की आतला दाब सुटतो, मग एकाने दोन्ही हातांनी हँडल मारायचं. वेग आला की दुसऱ्याने एक लिव्हर पाडायचा, इंजिनाने पकडलं की दुसरा. आणि हिरामामा तर सुकाणूला लटकलेले — सोडलं असतं तर बोट आडवी होऊन उलटलीच असती.

"मेस्त्री, खडक जवल आयला! कर कायतरी!"

एकट्याने तीनदा प्रयत्न केला. एक हात लिव्हरकडे नेला की हँडल मंदावायचं. चौथ्यांदा दोन्ही हातांनी नुसतं फिरवतच राहिलो, डोळे मिटून. दुसरं करणार काय?

खट्!

पहिला लिव्हर पडला. इंजिनाने धक्का दिला, पकडलं... मी डोळे उघडले. तीन-चार ठोके झाले आणि दुसरा लिव्हर माझ्यासमोर खाली गेला — सावकाश, कोणी अंगठ्याने दाबावा तसा.

हिरामामांनी बोट वळवली तेव्हा खडकांवरची कालवं दिसत होती.

खाडीत शिरल्यावर त्यांनी सुकाणू सैल सोडलं. मग म्हणाले, "तुजे दोनी हात हँडलला व्हते. मी बगत व्हतो."

"मग लिव्हर...?"

"मना नको इचारू. तिथं कोन नव्हता."

दुसऱ्या दिवशी बोट बांधून मी पंचवीस-तीस वेळा हँडल मारून पाहिलं. हादऱ्याने लिव्हर एकदाही पडला नाही. त्याची स्प्रिंगच तेवढी कडक होती.

इंजिन बंद का पडलं ते मी सांगू शकतो — पाइपाचा जॉइंट ढिला राहिला, माझीच चूक. सुरू कसं झालं... ते आजही नाही सांगता येत.