बेडकाचं शिळं पाणी

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिचा बेडूक दिग्रसला माझ्या गळ्यात पडला. होस्टेलवर प्राणी चालत नाहीत म्हणे. अंगठ्याएवढा, करडा, जन्मभर पाण्यातच राहणारा बेडूक. श्वासापुरता वर येतो आणि पुन्हा तळाशी जाऊन बसतो. कौतुक करावं असं मला त्याच्यात काही दिसलं नाही. मुलीचा फोन आला की आधी त्याची चौकशी, मग माझी.

जाताना ती सूचना देऊन गेली होती. काचेच्या टाकीवर झाकण हवं, नाहीतर उडी मारून बाहेर पडेल आणि वाळून मरेल. साबणाचा हात पाण्यात नको. खाणं बेताचं, उरलेलं लगेच काढायचं. आणि नळाचं ताजं पाणी तर कधीच नाही. आमच्या नळाला ब्लीचिंग पावडरचा वास येतो, आणि बेडूक कातडीनंच पाणी पितो. त्याला ते सोसत नाही. म्हणून पाणी दोन दिवस बादलीत उघडं ठेवायचं आणि त्यातलं थोडं थोडं बदलायचं.

सासूबाईंशी माझं वाजलं ते इथेच. आमच्याकडे नळ रोज येत नाही. येतो त्या दिवशी गल्लीतली प्रत्येक बाई उरलेलं पाणी झाडांना ओतते, भांडी घासते आणि ताजं भरते. त्या दिवशी घरात शिळं पाणी सापडलं, तर ती बाई आळशी ठरलीच. सासूबाई या बाबतीत फार कडक. मुक्या जिवाला शिळं पाजतात, हे पाप कुठे फेडणार, असं त्या मला ऐकू जाईल अशा बेतानं तुळशीला सांगायच्या.

एका नळाच्या दिवशी मी ऑफिसातून आले, तर टाकी लख्ख. काच घासलेली, पाणी ताजं, माझी बादलीही ताज्या पाण्यानं भरलेली. बेडूक पाय ताणून वर तरंगत होता. कातडी पांढुरकी पडली होती. त्याचीही एकदाची आंघोळ झाली, असं सासूबाईंनी समाधानानं सांगितलं.

मी त्यांना काय झालंय ते सांगितलं, आणि चांगल्या चढ्या आवाजात सांगितलं. पण भांडून पाणी मिळणार नव्हतं. भगोणं घेऊन गल्लीत निघाले. शेजारणीला विचारलं, शिळं पाणी आहे का? तिचा चेहराच उतरला. पुढच्या घरी तर बाईनं हंड्यांवरची झाकणं काढून दाखवली, सगळं ताजं. पाण्यावरून भांडणं होतात त्या गावात मला तांब्याभर जुनं पाणी मिळेना. मुलीच्या फोनची वेळ होत आली होती. बेडकाचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले होते. परत येताना मी जवळजवळ धावत होते.

सासूबाई टाकीवर वाकून बघत होत्या. माझ्या हातातलं रिकामं भगोणं त्यांनी पाहिलं, आणि मागच्या खोलीत गेल्या. गाद्यांच्या थप्पीमागून त्यांनी एक प्लास्टिकची कॅन ओढत आणली. तोंडाला फडकं बांधलेलं, त्यावर धूळ.

"घे. उन्हायातलं हाय."

 घरादाराला शिळं पाणी फेकायला लावणारी बाई ही.

"आई, हे कायले ठेवलं?"

त्यांनी फडकं सोडलं. "एका उन्हायात नयाले पानीच आलं नाही. लेकरं पान्यासाठी रडले माह्यापाशी. तेवापासून ठेवतो."

बेडकाला त्या पाण्यात घातलं. मुलीचा फोन आला तेव्हा तो पुन्हा तळाशी बसला होता. बरा आहे, म्हणाले.

कॅन मात्र रिकामी झाली होती. पुढचा नळ येईपर्यंत सासूबाई धड जेवल्या नाहीत. सारख्या उठून तोटी उघडून बघायच्या.

नळ आला तेव्हा मी पिण्याच्या पाण्याआधी ती कॅन भरली, फडकं बांधलं आणि गाद्यांमागे सरकवली. त्या दुपारी सासूबाईंना गाढ झोप लागली.