लाल दोऱ्याची जोडी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, घरातही नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी नलूताईंनी मला विचारलं होतं, "दस्त सगळ्यांना वाचून दाखवलास ना?" आणि मी म्हणालो होतो, "हो ताई, दाखवला." मी तो वाचला नव्हता. खोटं एवढंच, तीन शब्दांचं. पण त्याचा बोल नलूताईंनी स्वतःवर घेतला, शेवटपर्यंत घेतला, आणि मी तो घेऊ दिला.

त्या गेल्याचा फोन आला तेव्हा तहसीलीसमोरच्या माझ्या टेबलावर एक भाडेपत्र छापत होतो. त्यांच्या भाच्याचा आवाज, "शेखरभाऊ, मावशी गेली… सकाळीच, चहा घेता घेता." मी फोन ठेवला तरी प्रिंटर चालूच होता. एकेक पान बाहेर येत होतं आणि ते थांबवायचं मला सुचत नव्हतं. दुपारी राजघाटावर बरीच माणसं जमली होती. वकील होते, दस्त लिहिणारे होते, खेड्यापाड्यांतून आलेले केळीवाले होते. तापीचं पाणी उतरलेलं, पायऱ्या तापलेल्या. तिथे कोर्टातले एक जुने गृहस्थ माझ्याशेजारी उभे राहून हळूच म्हणाले, "बाई म्हणजे बाईच होती. शेवटी शेवटी मात्र हातून चुका व्हायला लागल्या होत्या. ते जसोंडीचं नाही का…" दोघा-तिघांनी मान हलवली. मला तिथेच बोलायचं होतं. मी चप्पल शोधत असल्यासारखा खाली वाकलो.

नलूताई बऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्यात राहायच्या. वकिली केली, पण भांडायची कमी आणि लिहायची जास्त. वाटणीपत्रं, भाडेपत्रं, सामाईक विहिरीचे करार, बांधावरून जाण्या-येण्याचे हक्क… त्यांनी लिहिलेला कागद कोर्टात जायचाच नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "माझ्या कागदावर वकिलांची पोटं भरत नाहीत," असं त्या भर बाररूममध्ये म्हणायच्या. मी त्यांच्याकडे टायपिस्ट म्हणून आलो तो कॉलेज संपवून, इतर कुठे काही जमत नाही म्हणून. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात कात्री दिली.

झालं असं होतं, की जसोंडी गावच्या तुकारामबाबांचं आणि त्यांच्या भावाचं वाटणीपत्र ताईंनी फार पूर्वी लिहिलं होतं. शेत, गोठा, आंब्याची झाडं, पाट, सगळं त्यात होतं. वाचता वाचता माणूस म्हातारा व्हावा एवढा लांबलचक दस्त. पुढे जो कोणी वाटणीला यायचा तो म्हणायचा, "बाई, तुकारामबाबासारखं करून द्या." मग तोच दस्त पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचा, नावं बदलायची, आणि कुठेतरी जुनं नाव तसंच राहायचं. एकदा तर दुसऱ्याच गावच्या दस्तात तुकारामबाबांची म्हैस जाऊन बसली. त्या दिवशी ताईंनी ठरवलं, हा दस्त कापायचा. एकेक कलम वेगळं करायचं, जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचं, आणि ज्याला जे लागेल तेवढीच कलमं काढून दस्त जुळवायचा.

कापणं सोपं वाटलं होतं. मी ओळ संपली की कात्री चालवत होतो. ताईंनी एक तुकडा उचलून माझ्यासमोर धरला. "वाच." मी वाचलं, 'वर सांगितलेल्या जागेचा वापर दोघांनी करावा.' ताई म्हणाल्या, "वर काय सांगितलंय?" मी वर बघितलं. वर छत होतं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "अरे, हे कार्ड उद्या एकटंच कोणाच्या हातात पडेल. त्याच्या वर काही नसणार. एकटं भेटलं तरी त्याने स्वतःची ओळख सांगितली पाहिजे." मग आम्ही 'वरील', 'सदर', 'मागे म्हटल्याप्रमाणे' असे सगळे शब्द वेचून काढले. जागेच्या जागी जागा लिहिली, विहिरीच्या जागी विहीर. नावांपुरत्या रिकाम्या ओळी सोडल्या. आमच्याकडे कचेरीची भाषा हिंदी, म्हणून दस्त हिंदीत जायचे, पण कलम बरोबर झालं की नाही ते ताई मराठीत बोलून बघायच्या. बोलताना अडखळलं की पुन्हा कात्री.

कार्डं ठेवायला त्यांनी एक कपाट आणलं. चौकातल्या दोऱ्याच्या दुकानदाराने धंदा बंद केला, त्याचं रिळं ठेवायचं कपाट, लहान लहान खणांचं. खालच्या खणांत काही लाल रिळं तशीच राहून गेली होती. तीही ताईंनी उपयोगात आणली. काही कलमं एकटी जाता कामा नयेत, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. विहिरीतल्या पाण्याची पाळी देणारं कलम गेलं, की ते पाणी दुसऱ्याच्या शेतातून नेण्याची वाट देणारं कलम त्याच्यासोबत गेलंच पाहिजे. अशा कार्डांना भोक पाडून त्यांनी लाल दोऱ्याने बांधलं. एक उचललं की दुसरं लटकत येणार. "ही नवरा-बायको आहेत," त्या म्हणायच्या, "एकाला जेवायला बोलावलं तर दुसऱ्याला पण पान वाढायचं."

आणि दस्त जुळवून झाला, की तो वाचून दाखवायचा. हा त्यांचा नेम. घरातल्या बायकांनाही समोर बसवायच्या. हिंदी मजकूर वाचत प्रत्येक कलम आमच्या बोलीत सांगायच्या, आणि मध्येच एखाद्या सुनेला विचारायच्या, "समजलं का गं? आता तू सांग मला." वाचल्याशिवाय सही नाही, आणि सही झाली की मावा जिलबी. ती सगळ्या भावांनी एकाच ताटलीतून खायची. वेगळे झालेले भाऊ त्या ताटलीवर वाकलेले मी कितीदा बघितलेत.

बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झालं, कचेऱ्या हलल्या, रजिस्ट्रीत कम्प्युटर येणार अशी बोलणी सुरू झाली, त्या दिवसांत मी ताईंच्या मागे लागलो. आपणही घेऊ. त्यांनी जुनाट माणसांसारखा विरोध केला असता तर आज मला जरा बरं वाटलं असतं. पण त्या तर माझ्याहून उत्सुक. माऊस उलटा धरून बघितला, शेजारच्या पोरींना बोलावून दाखवला. कार्डं आत घालायचं काम माझ्याकडे आलं. टाइप करताना जोडीतली कार्डं एकमेकांवर पडायची, दोरा मध्ये यायचा, म्हणून मी दोरे सोडले. ताईंनी ते पाहिलं. "तुझ्या डब्यात दोरा ठेवायची सोय आहे का रे?"

"ताई, दोरा कशाला लागतोय? सगळं आतच तर आहे."

"आत आहे ते ठीक. पण एकाला बोलावलं तर दुसरं येतं का?"

मी हसलो. "येईल हो." तेव्हा मला वाटलं होतं, कुठलं कार्ड कोणासोबत जातं ते माझ्या लक्षात राहील.

त्यानंतर तुकारामबाबांचीच मुलं वाटणीला आली. बाबा तोवर गेले होते. थोरला भास्कर, धाकटा सुपडू. विहीर भास्करच्या वाट्यात, सुपडूचं शेत तिच्या पलीकडे, म्हणून विहिरीत सुपडूची पाळी. साधं काम. ताई त्या दिवशी खंडव्याला तारखेवर होत्या. मी कलमं निवडली, दस्त छापला. मंगलाबाई, म्हणजे सुपडूची बायको, पदर सावरून वाचन ऐकायला बसलीही होती. भास्कर घड्याळाकडे बघत म्हणाला, "आता काय वाचत बसता भाऊ, मशिनीतून निघालंय ते. साहेब जेवायला निघून जाईल." मला ते बरंच वाटलं. खरं सांगतो, त्यात माझ्या मशिनीचं कौतुक होतं. सह्या झाल्या, रजिस्ट्री झाली, जिलबीही झाली. संध्याकाळी ताई बसमधून उतरून आधी ऑफिसात आल्या, आणि तो प्रश्न विचारला.

ऊन तापायला लागलं, केळी निसवायला आली, घड बाहेर पडू लागले, आणि सुपडू एक दिवस दारात येऊन उभा राहिला. मंगलाबाई सोबत. "बाई, कागदात पाणी हाये. पन पाइप टाकू देत नाही दादा. म्हने, पानी तुझं हाये, जमीन माझी हाये. उडवत ने तुझं पानी."

ताईंनी दस्त मागितला. पाळीचं कलम होतं. वाटेचं नव्हतं. त्यांनी पान उलटलं, पुन्हा पहिल्यावर आल्या. मंगलाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या दिवशी आमाले हे वाचून…" आणि ताईंनी तिला मध्येच थांबवलं. "मंगला, कार्ड माझं, कागद माझा. चूक माझी आहे. वाट मिळवून देणं पण माझ्याकडे लागलं." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी गुडघे बांधून, ऑटोने, त्या जसोंडीला निघाल्या. मी सोबत होतो. सुपडूच्या बागेत पानं कडेने जळायला लागली होती, काही झाडं घडासकट वाकली होती. भास्कर बांधावर खाट टाकून बसला होता. त्याने चहा सांगितला, आणि चहाआधीच म्हणाला, "बाई, तुमीच लिव्हलं. आता तुमीच बदला म्हनता? मंग लिव्हून काय उपेग?"

"बरोबर आहे तुझं," ताई म्हणाल्या. "चुकले मी. कोर्टात गेलास तर वर्षं काढशील, केळी तेवढी थांबणार नाही." मग पिशवीतून त्यांनी एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. तुकारामबाबांच्या मूळ दस्तातून कापलेलं, कडेला माझ्या कात्रीचा वाकडा काप असलेलं. "ही विहीर खोदायच्या आधी या शेतात पाणी कुठून यायचं रे?"

भास्कर विहिरीकडे बघायला लागला.

"तुझ्या काकाच्या शेतातून पाट यायचा. काका पण असाच खाटेवर बसला होता. म्हणाला होता, पाणी घे, वाट नाही देत. तेव्हा तुझ्या बापाने माझ्याकडून हे लिहून घेतलं, आणि काकाने सही केली. तू बसलायस ती जमीन या कार्डावर भिजलीय. वाच."

त्याने वाचलं. बोट ठेवून, ओठ हलवत. मग कार्ड ताईंना परत दिलं आणि भावाला हाक मारली, त्याच्याकडे न बघता. "सुप्या, नाली मी खनून देतो. पाइप तू आन. अन् बांधाच्या कडेनं घे, मधून नको फाडू माझं वावर." मंगलाबाई खाली बसून रडायला लागली. दुरुस्तीचा दस्त त्याच आठवड्यात झाला. तो ताईंनी स्वतः वाचला, अगदी सावकाश. काही झाडं गेली, बाग वाचली.

पण गावात आणि कोर्टात एकच गोष्ट राहिली, वकीलबाई आता चुकतात. वाटणीची माणसं कमी कमी होत गेली. कोणी समोर विचारलंच तर त्या म्हणायच्या, "वय झालं बाबा," आणि विषय बदलायच्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त एक नवं कार्ड लिहिलं, 'हा दस्त सर्वांसमोर वाचला', त्याखाली वाचणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्यांचं नाव. "हे प्रत्येक दस्तात शेवटी जाईल. हे सुटं करायचं नाही," एवढंच म्हणाल्या. ते मी टाइप केलं. मान वर केली तेव्हा त्या कपाटातलं काहीतरी नीट लावत होत्या. माझं खोटं त्यांना कळलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. सांगून टाकायला त्याहून सोपी वेळ पुन्हा आली नाही.

शेवटची भेट राजपुऱ्यातल्या त्यांच्या खोलीत झाली. मी सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, एकदम म्हणाल्या, "तुझ्या डब्यात दोऱ्याची सोय झाली का रे?" मी म्हणालो, झाली. ते खरं होतं. आता एक कलम घेतलं की दुसरं आपोआप येतं, आणि काढायला गेलो तर मशीन अडवून विचारतं. माझ्याकडे कामाला असलेल्या पोरी तसेच दस्त जुळवतात, आणि मोठ्याने वाचतात. ताईंनी पुन्हा पुन्हा विचारून सगळं समजून घेतलं. चेहरा असा उजळला होता, की मी माझं ओझं तिथे उतरवू शकलो नाही. "कपाट तू ने," त्या म्हणाल्या. "भाच्याला त्यात चपला ठेवायच्यात."

कपाट आता माझ्याकडे आहे. कार्डं लागत नाहीत, तरी सगळी खणांत आहेत. ते आलं त्या दिवशी मी खालच्या खणातलं लाल रीळ काढलं आणि मी सोडलेल्या जोड्या एकेक करून पुन्हा बांधल्या. गाठी ताईंसारख्या बारीक येत नाहीत. परवा एक तरुण जोडपं आणि नवऱ्याचा भाऊ वाटणीला आले होते. मी दस्त वाचत होतो, तेव्हा त्यांच्यातली सून मध्येच म्हणाली, "भाऊ, थांबा जरा. हे मी सांगून बघते." तिने अडखळत, पण बरोबर सांगितलं. दोघे भाऊ हसले. मी जिलबी मागवली. कपाट आल्यापासून होतो तसा, ताई त्याच्याजवळ उभ्या असल्याचा भास झाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तिकडून नजर वळवली नाही.

दस्त वाचला नाही, हे भास्कर, सुपडू आणि मंगलाबाईला माहीत आहेच. दोरा मी सोडला होता, ताईंचं कार्ड बरोबर होतं, हे त्यांना माहीत नाही. लेखाआडून सांगून भागणार नाही. हा मजकूर छापायला पाठवला की जसोंडीला जाणार आहे, आणि तिथून परत आलो की कोर्टातल्या त्या गृहस्थांकडे. ती चूक नलूताईंची नव्हती, माझी होती, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं माझ्याकडे बाकी आहे.