आमच्या ह्यांनी सायकलचा स्पीड वाढवला

मैत्रिणींनो, आज दुपारी आमचे हे कोल्हारच्या दुकानातून जेवायला आले ते रोजच्यापेक्षा बरेच लवकर. बॅटरीची सायकल मिस्त्रीकडे नेऊन स्पीड ठरवणारा कंट्रोलर बदलून जास्त स्पीडचा बसवून घेतला होता.

चांगला चालणारा भाग काढून टाकला, याचाच मला आधी राग आला. मग जीव घाबरला. "अहो, त्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर येतात. ब्रेक तरी नवे घातले का?"

"ब्रेक हायेत तेच."

"मग कशाला एवढी घाई?"

हे खाली बघत म्हणाले, "तू माझ्याआधी जेवत न्हाईस. मला यायला तीन वाजत्यात. शुगरची गोळी घेऊन उपाशी बसतीस. लवकर यावं म्हणलं."

ताट वाढत मी म्हटलं, "उद्यापासून नैवेद्य दाखवला की मी जेवून घेईन. तुम्ही सायकल होती तशी करून आणा."

"खरंच जेवशील?"

"देवासमोर सांगते."

आत्ता हे मिस्त्रीकडेच गेलेत. मी शब्द तर देऊन बसले, पण लग्न झाल्यापासून ह्यांच्याआधी कधी जेवले नाही. उद्या पहिला घास घशाखाली उतरेल का, हीच काळजी आहे. तुमच्यापैकी कोणी आधी जेवतं का गं? सुरुवातीला कसं वाटलं?