गुडघा काकूंचा, हुकूम अ‍ॅपचा

सुमनकाकूंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मी चमकलेच. गुडघा गरम लागत होता, सुजून टम्म झाला होता.

मी फिजिओथेरपिस्ट. कर्जतला माझं क्लिनिक आहे, जवळच्या गावांत होम व्हिजिटही करते. पोशीरच्या सुमनकाकूंचं नी रिप्लेसमेंट, म्हणजे गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालं होतं. मागच्या व्हिजिटला रेंज छान होती. रेंज म्हणजे गुडघा किती वाकतो ते. आज निम्माही वाकेना.

"काकू, दुखतंय का?"

काकूंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हिरवं दिसतंय. म्हंजी बरं हाय ना?"

घड्याळ त्यांच्या पुण्याच्या मुलाने, नितीनने दिलेलं. जरा बसलं की ते थरथरायचं. चालण्याचं टार्गेट राहिलं की नितीनच्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये कळायचं आणि त्याचा फोन यायचा. म्हणून काकू दुखत्या पायाने अंगणात फेऱ्या मारत होत्या. दुपारी आडवं व्हायचीही चोरी.

मी तिथूनच नितीनला फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

"चालणं थांबवा. आजच सर्जनना दाखवायला हवं."

"पण मॅडम, अ‍ॅपमध्ये रिकव्हरी उत्तम दिसतेय."

"अ‍ॅपला सूज दिसत नाही."

"आईला ढकलल्याशिवाय ती हलत नाही हो. आळस आहे तिला."

माझं डोकं फिरलं. जन्मभर चिखलात वाकून भात लावलेल्या बाईला हा आळशी म्हणत होता. मी काही बोलणार, तेवढ्यात काकूंनी फोन ओढून घेतला.

"नितीन, दुखतंय मला. रोज दुखतंय. तू मला कदी इचारलंस का रं? घड्याळालाच इचारतोस."

त्याने फोन ठेवला.

शेजारणीला घेऊन काकू त्याच दिवशी सर्जनकडे गेल्या. नशिबाने इन्फेक्शन नव्हतं. अति चालून सूज आली होती. संध्याकाळी मला नितीनचा मेसेज: 'व्हिजिट बंद करा. अ‍ॅपवर ऑनलाइन कोच आहे.' उपचार आईचे, बंद केले मुलाने, आणि तिला पत्ताही नाही. मी संतापून काकूंना फोन करून सांगितलं.

सूज उतरल्यावर त्या स्वतःच रिक्षाने क्लिनिकला आल्या. "घड्याळ कपाटात टाकलंय," म्हणाल्या. "तो रुसलाय. रुसू दे."

पुढे गुडघा व्यवस्थित वाकू लागला. नितीनचा रुसवा त्याहून जास्त टिकला.

आता नातेवाईक कितीही घाईत असले, तरी मी प्रश्न पेशंटलाच विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. व्हिजिट लांबते. लांबू दे.