झऱ्यावरचे निळे

आमचे दाजी, आर्शाविर मास्तर, कार्मिरजूर गावच्या शाळेत भूगोल शिकवायचे. डोंगराच्या पायथ्याला जन्मले, तिथंच वाढले, तिथंच त्यांच्या पोटाचा घेर सुटला. पण डोंगर ते कधी चढले नाहीत. पोरांना काठीनं नकाशावरच चढवायचे. माझ्या बहिणीचा, न्वार्दचा, नवरा म्हणून मी त्यांना मान देत आलो. तो समोर. मागं काय म्हणायचो ते आता लिहितो.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आमच्या डोंगरात जी नखाएवढी निळी फुलपाखरं आहेत, त्यातल्या एकाला आपलं नाव लागावं. पोरं झाली, घर झालं, जर्दाळूची बाग लागली, यांचं चित्त निळ्यावरच. आता ही निळी म्हणजे सगळी सारखी. बघणाऱ्याला एक दिसलं काय अन् दुसरं दिसलं काय, काही फरक नाही. पण या लोकांच्या मते दर खोऱ्याला वेगळं, दर उतारावर वेगळं. एकाच्या खालच्या पंखावर पांढरी रेघ, दुसऱ्याच्या नाही, की झाली दोन घराणी. सोयरीक जुळवणाऱ्या बायका एवढी चिकित्सा करत नाहीत.

आणि यांच्यात एक रीत आहे. नवं सापडलं तर त्याला स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही. बेशरमपणा समजतात. म्हणून करतात काय, मी एकाला तुझं नाव देतो, तू एकाला माझं दे. लाज राखायची अन् काम साधायचं. दाजींचा जोडीदार होता खालच्या खोऱ्यातला गुर्गेन, औषधाच्या दुकानातला. बारीक, चष्मेवाला, बोलताना दुसऱ्याच्या खांद्यावरची धूळ झटकणारा. दाजींनी आधी दिलं. एका निळ्याला 'गुर्गेनी' नाव ठेवून जिल्ह्याच्या पातळशा मासिकात छापून आणलं आणि मग परतफेडीची वाट बघत बसले.

दाजी फुलपाखरं कुठं धरायचे, ते मला ठाऊक, कारण खिंडीच्या रस्त्यावरची बस मी चालवायचो. वरच्या वळणावर, उन्हाच्या बाजूला, एक झरा आहे. तिथं मी इंजिनात पाणी घालायला थांबायचो. मेंढपाळांचे कळप तिथंच पाणी पितात आणि तिथंच मुततात. त्या ओल्या चिखलावर निळी फुलपाखरं शेकड्यानं बसतात. मेंढीच्या मुतातलं मीठ चोखतात. दाजी जाळं घेऊन उतरायचे, एकदा खाली टेकवायचे, की सात-आठ सापडली. मग चिमटीत पाखराची छाती दाबायची, तिकोनी पुडीत घालायचं, पुन्हा गाडीत येऊन बसायचं.

"ए गेघाम, जरा थांब की, अजून एक हात मारतो."

"दाजी, लोक खोळंबलेत."

मागून सातेनिक म्हातारी ओरडायची. ती दर आठवड्याला बाजाराला कोंबड्या न्यायची. "मास्तर, माझ्या कोंबड्या उन्हानं मेल्या तर तुझी पाखरं अंडी घालणार आहेत का रे मला?"

"आजीबाई, हे विज्ञान आहे."

"विज्ञान असंल बाबा. वास मात्र मुताचा येतोय."

घरी भिंतीवर दाजींनी मोठा नकाशा लावलेला. कुठलं निळं कुठं राहतं, त्याचे ठिपके. मी एकदा नीट बघितला. सगळे ठिपके मोटारीच्या रस्त्याच्या कडेनं. जिथं माझी बस थांबायची, तिथं ठिपका. कड्यावर एक नाही, कुरणात एक नाही. देवानं ही पाखरं बसच्या थांब्यावर राहायलाच घडवली असावीत. मी तसं म्हटलं, तर दाजी म्हणाले, "तू गाडी चालव."

गुर्गेनचं मात्र काही येईना. दाजींनी निरोप धाडले, तुतीच्या दारूची बाटली धाडली, चीज धाडलं. शेवटी गुर्गेनच आमच्याकडं जेवायला आला. लवाशच्या पातळ रोटीत चीज अन् हिरवा पाला गुंडाळत म्हणाला, "आर्शाविर-जान, तुझं नाव मी डोळे मिटून देईन. पण तू मला देतोस ते सगळे नर. मादी कुठंय? चिखलावर नर येतात, मादी वर बसून असते, झाडापाशी. एका जागचं जोडपं आण. नर अन् मादी. मग बघ."

न्वार्द भांडी उचलता उचलता म्हणाली, "मग जा की वर. उन्हाच्या बाजूनं वाट आहे. मी तिकडं पाला तोडायला जाते, मला काही होत नाही."

"माझे गुडघे," दाजी म्हणाले.

"गुडघ्यांनी शाळेच्या सहलीच्या दिवशी पण असंच केलं होतं."

दाजी वर गेले नाहीत. पण नशीब आळशाला कधीकधी हातात आणून देतं आणि त्यातच त्याला बुडवतं. त्या उन्हाळ्यात माझी बस खिंडीपलीकडं, सावलीच्या बाजूला, बंद पडली. मी खाली पडून पट्टा बदलत होतो. चाकाजवळ एक गुलाबी फुलांचं झुडूप होतं, त्यावर तपकिरी, मळकं फुलपाखरू. यांच्यात मादी निळी नसतेच, मातीच्या रंगाची असते. दाजींनी बसच्या पायरीवर बसूनच, टोपीनं धरली. मग माझ्या सीटवर बसून मोठ्यानं म्हणत पुडीवर लिहिलं: उन्हाची बाजू, उंच कडा.

मी खालून म्हटलं, "दाजी, आपण सावलीत आहोत."

"एकच डोंगर आहे रे."

भूगोलाचा मास्तर हा! पोरगं परीक्षेत असं बोललं असतं तर यांनी त्याचा कान उपटला असता.

झऱ्यावरचा एक नर निवडला, ही मादी शेजारी टाचली, झालं जोडपं. दोघं एकमेकांना जन्मात भेटली नव्हती. गुर्गेननं भिंगातून बघितलं, मान डोलवली आणि छापलं: 'आर्शाविरी'. दाजींनी मेंढा कापला. अख्खं गाव अंगणात. गुर्गेन पेला उचलून उभा राहिला. म्हणाला, "माणसं जातात, राज्यं जातात, पण या कड्यावर आर्शाविर उडत राहील!" आणि दाजी रडले. खरंच रडले. ज्या कड्यावर त्यांचा पाय लागला नाही, त्या कड्यासाठी. सातेनिक म्हातारी माझ्या कानात म्हणाली, "एवढा जाडा माणूस उडणार कसा?"

पुढच्या वर्षी येरेवानहून एक मुलगी आली, झारुही नाव. संशोधन करत होती. पाठीवर तंबू, पायात शिपायाचे बूट. तिचं म्हणणं, यातली बरीच निळी बाहेरून ओळखूच येत नाहीत. पोटातला कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, रंगसूत्रं मोजायची, तेव्हा कुठं कळतं कोण कुणाचं. ती आमच्या घरी जेवली आणि आदरानं म्हणाली, "सर, मादी धरली ती जागा दाखवता?"

दुसऱ्या दिवशी दाजींनी ती जागा बसच्या खिडकीतून बोटानं दाखवली. "ते, तिथं. तो कडा."

"वर कुठल्या वाटेनं गेलात?"

"वाट म्हणजे... सरळ."

तिथून सरळ फक्त घार जाते. झारुहीनं बुटांच्या नाड्या आवळल्या. उतरली आणि चढायला लागली. अख्खा उन्हाळा वर राहिली, पलीकडच्या बाजूलाही गेली. परत आली तेव्हा नाकाची सालं निघालेली. शहरात जाऊन तिनं मोजायचं ते मोजलं आणि छापलं. त्यात कुणाची टिंगल नव्हती, हे जास्तच वाईट. मादी ज्या गुलाबी झुडपावर अंडी घालते, ते झुडूप उन्हाच्या बाजूला उगवतच नाही. मादी पलीकडची, जुनीच, शंभर वर्षांपूर्वी कुणा रशियन साहेबानं नाव दिलेली. आणि झऱ्यावर जे नर येतात, ते चारी बाजूंच्या उतारांवरून मीठ चोखायला येतात. तिथं धरलेल्यावरून कोण कुठं राहतो हे सांगणं म्हणजे बाजारात भेटलेल्या माणसाला बाजारातच जन्मला म्हणणं. आर्शाविरीचा तो निवडलेला नर होता गुर्गेनी.

म्हणजे दाजींनीच आधी ज्याला गुर्गेनचं नाव दिलं, तोच. आणि या दोन्ही विद्वानांना तो दुसऱ्यांदा ओळखता आला नाही. ज्याच्या नावाचं पाखरू, त्यालाही नाही. पहिलं नाव टिकतं, दुसरं जातं, असा त्यांचा नियम. गुर्गेनी राहिलं. आर्शाविरी बुडालं.

दाजींनी ते वाचलं आणि त्याच दिवशी माझ्या बसनं खालच्या खोऱ्यात उतरले. मीही दुकानात गेलो. डोक्याची गोळी हवी होती, आणि खरं सांगायचं तर बघायचंही होतं.

"दुसऱ्या एखाद्याला लाव माझं नाव," दाजी काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाले. "सावलीच्या बाजूला एक आहे. मी या वेळी स्वतः चढतो. शपथ."

गुर्गेननं त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकली. "आर्शाविर-जान, नाही लावता येत. एकदा वापरलेलं नाव या निळ्यांच्या कुळात परत वापरायचं नसतं. बुडालेलं असलं तरी. ते आता माझ्या नावाच्या खाली बारीक अक्षरात कायमचं राहणार."

"कायमचं?"

"कायमचं. बघ, एका परीनं अमरच झालास."

"तू चढायचास की मग! तू का नाही बघितलंस वर जाऊन?"

"मी? माझी पाठ," गुर्गेन म्हणाला आणि मला गोळी दिली.

येताना दाजींनी जाळं सीटखाली ढकललं. वाटलं, सुटलं एकदाचं वेड. पण वळणावर मी पाणी घालायला थांबलो, तर हे उतरले. सवय. जाळं टेकवलं, निळं एक धरलं, आता शिकले होते म्हणून भिंग लावून रेघ बघितली. बराच वेळ बघितली.

खिडकीतून सातेनिक म्हातारीनं विचारलं, "काय गावलं मास्तर?"

दाजींनी भिंग पुसलं.

"अरे मास्तर, कोण म्हणायचं याला?"

"गुर्गेनी," दाजी म्हणाले.

"म्हणजे ते औषधवाले? त्यांच्या नावाचं आहे होय!" म्हातारी खूश झाली. शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, "अगं बघ, गुर्गेनचं पाखरू. भला माणूस. माझ्या खोकल्याला त्यांच्याच औषधानं गुण आला."

दाजींनी चिमटीत छाती दाबली, पुडी घडी केली, पेन्सिल जिभेला लावून नाव लिहिलं आणि मेंढीच्या मुतात भिजलेले बूट घेऊन वर चढले. माझ्या बसच्या तीन पायऱ्या. तेवढ्यानंही त्यांना धाप लागली.